पाणी मागणारा देव

टिळक म्हटलं की आपल्या रत्नागिरीकरांच्या डोळ्यांसमोर लोकमान्य उभे राहतात. टिळक आळीतलं त्यांचं घर आपण मुलांना नेऊन दाखवतो. पण मैत्रिणींनो, लोकमान्यांनंतर पाचच वर्षांनी, ६ डिसेंबर १८६१ रोजी, आपल्याच जिल्ह्यात दापोलीकडच्या करजगावात आणखी एक टिळक जन्माला आले. नारायण वामन टिळक. शाळेत असताना त्यांची ‘केवढे हे क्रौर्य’ ही कविता वाचून आपल्यापैकी कितीतरी जणींचे डोळे भरून आले असतील. बाण लागलेली ती पक्षीण आणि घरट्यात वाट पाहणारी तिची पिल्लं! कवितेखाली लिहिलेलं ‘रेव्हरंड’ आपण वाचायचो आणि पुढच्या धड्याकडे वळायचो. करजगावच्या चित्पावन घरातला हा मुलगा रेव्हरंड झाला कसा, हे तेव्हा कुणी सांगितलं नाही.

मला हे कळलं ते लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’मुळे. बी.ए.ला मराठी घेतलं होतं, तेव्हा परीक्षेपुरतं वाचलं. मग संसार, मुलं, मिरजोळ्यातला बचत गट यात वीस वर्षं गेली. अलीकडे ते पुन्हा हातात घेतलं आणि या वेळी नवरा-बायकोच्या गमतीजमतींच्या पलीकडे मला एक प्रश्न दिसला. असं काय होतं त्या येशूमध्ये, की या माणसाने त्याच्यासाठी घर, जात, नातीगोती, सगळं पणाला लावलं? मी ख्रिस्ती नाही. माझ्या दारात तुळस आहे. पण हा प्रश्न मला सोडेना, म्हणून आज टिळकांबद्दल लिहिते आहे.

नारायणाची आई जानकीबाई हळव्या मनाची, कवितेची आवड असलेली. वडील मात्र तापट. मुलगा अकरा-बारा वर्षांचा असताना आई गेली आणि घरातला जीवच गेला. नारायण घर सोडून चालत नाशिकला पोचला. तिथे गणेशशास्त्री लेले यांच्याकडे संस्कृत शिकला, थोडं इंग्रजी शिकला. जे मिळेल ते वाचायचं, जे सुचेल ते लिहायचं. पुढे आयुष्यभर हा माणूस एका जागी स्वस्थ बसला नाही. कधी शिक्षक, कधी कीर्तन-प्रवचनं, कधी कुणाच्या पदरी लेखनाचं काम. नागपूरला आप्पासाहेब बुटींकडे संस्कृत ग्रंथांच्या कामावर होते, ‘ऋषी’ नावाचं मासिकही चालवत होते.

लग्न १८८० साली झालं. मुलगी नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखल्यांची मनकर्णिका, वय अकरा-बारा. सासरी तिची लक्ष्मी झाली. तिच्या माहेरचं वातावरण ऐकलं तर आपण थक्क होऊ. वडिलांना सोवळ्याचं जणू वेडच होतं. बाजारातून आलेली वस्तू धुतल्याशिवाय घरात घ्यायची नाही, कुणाची सावली पडली तर आंघोळ, कुणाचा स्पर्श झाला तर पुन्हा आंघोळ. पाण्याचा हंडा म्हणजे तर देवापेक्षा जपायची गोष्ट. हा हंडा लक्षात ठेवा, पुढे त्याचं काम आहे.

१८९३ च्या सुमारास टिळक नागपूरहून राजनांदगावला निघाले. आगगाडीच्या डब्यात एक युरोपियन गृहस्थ भेटले. कवितेवर बोलणं झालं, धर्मावर झालं. उतरताना त्या गृहस्थांनी बायबलमधला ‘नवा करार’ टिळकांच्या हातात दिला आणि रोज थोडा वाचायची गळ घातली. टिळकांनी शब्द दिला म्हणून वाचायला घेतला. सुरुवातीला मन रमेना. पण येशूचं डोंगरावरचं प्रवचन आलं आणि पुस्तक खाली ठेववेना. शत्रूवरही प्रेम करा, उजवा हात काय देतो ते डाव्याला कळू देऊ नका, शुद्ध मनाचे लोक धन्य... हे सांगणारा माणूस कोण, याचा शोध सुरू झाला.

इथे एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. टिळकांना आधी भेटला तो माणूस येशू. सिंहासनावरचा देव त्यांना नंतर दिसला. तुकोबांच्या अभंगांवर त्यांचा पिंड पोसलेला. तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असं ते पुढे सांगत. म्हणजे एका संताचं बोट धरून ते दुसऱ्या एका गुरूच्या दारात गेले होते. या गुरूने कुठला ग्रंथ लिहिला नव्हता, मठ बांधला नव्हता. नासरेथ नावाच्या आडगावात वयाच्या तिशीपर्यंत तो सुतारकाम करत होता. हाताला घट्टे पडलेला गुरू!

आपल्याला येशूचं चित्र माहीत असतं ते नाताळच्या कार्डावरचं. गोरा चेहरा, डोक्यामागे प्रकाशाचं वलय. शुभवर्तमानं वाचली की दुसराच येशू दिसतो. तो गोठ्यात जन्मतो. त्याला भूक लागते. दिवसभर लोकांच्या गराड्यात राहून इतका दमतो, की होडीत मागच्या बाजूला उशीवर डोकं टेकून झोपी जातो. वादळ सुटतं, लाटा आत येतात, तरी जाग येत नाही. होडीतून दमून आलेला माणूस कसा झोपतो ते आपल्या मिरकरवाड्यातल्या बायकांना सांगायला नको. मित्र लाजरस मरतो तेव्हा तो रडतो. पकडला जातो त्या रात्री त्याला भीती वाटते, मित्रांनी जवळ जागं राहावं असं वाटतं, आणि ते मेले झोपी जातात! क्रुसावर त्याला तहान लागते. प्राण जाता जाता आईची सोय कोण बघेल याची काळजी असते. म्हणून तो तिला एका शिष्याच्या हवाली करतो. आणि पुन्हा उठल्यावर? पहाटे किनाऱ्यावर निखारे पेटवून, मासे भाजून, रात्रभर जाळी टाकून रिकाम्या हाताने परतणाऱ्या शिष्यांना जेवायला बोलावतो. चमत्कारांपेक्षा मला ही न्याहारीच जास्त आवडते.

पण सगळ्यात जास्त मनात राहतो तो विहिरीवरचा प्रसंग. भर दुपारची वेळ. येशू शोमरोन प्रांतातून चालत आलेला, दमलेला, विहिरीच्या काठाशी बसलेला. शिष्य गावात खायला आणायला गेलेले. जवळ दोर नाही, पोहरा नाही. एवढ्यात एक बाई पाण्याला येते. भर दुपारी एकटीच. ती शोमरोनी, म्हणजे यहुदी लोक ज्यांना हलकं समजत, ज्यांच्या भांड्याला हात लावत नसत, त्यातली. त्यात तिची पाच लग्नं होऊन गेलेली आणि आता राहते तो तिचा नवरा नव्हे. गावाने तिला काय काय नावं ठेवली असतील, आपण कल्पना करू शकतो. हा तिच्याकडे पाणी मागतो. ती चकित होते. तुम्ही माझ्या हातचं पाणी पिणार? नंतर आलेले शिष्यही चकित होतात, की हे बाईशी बोलत कसे बसले. आणि ती बाई घागर तिथेच टाकून गावात धावत जाते, सगळ्यांना बोलावून आणते. ज्या गावाला ती टाळत होती, त्याच गावाला!

उपदेश करणारा देव आपल्या ओळखीचा असतो. पाणी मागणारा देव वेगळा. मागणाऱ्याला गरज असते. आणि ज्याच्याकडे मागतो त्याला मान मिळतो. एप्रिल-मे महिन्यात आमच्या वाड्यांमध्ये विहिरी तळाला जातात, टँकरची वाट बघत हंड्यांची रांग लागते, तेव्हा मी बायकांमध्ये असते. कोण कुणाला आधी भरू देते, कोण कुणाच्या हंड्याला हात लावत नाही, हे तिथे अजूनही डोळ्यांना दिसतं. पाण्यापाशी माणसाचं खरं मन कळतं.

आता कुणी म्हणेल, देव माणूस होऊन येतो हे आपल्यालाही नवीन नाही. सीतेसाठी राम रडलाच की. खरं आहे, म्हणूनच टिळकांसारख्या पुराणात वाढलेल्या माणसाला हे परकं वाटलं नाही. पण ख्रिस्ती श्रद्धेत या गोष्टीवर फार मोठा भार आहे. पहिल्या काही शतकांत असे लोक होते, जे म्हणत की येशूचं शरीर हा नुसता भास; देवाला कशी तहान लागेल, देव कसा मरेल? उलट काहींचं म्हणणं, तो चांगला माणूस होता, बस्स. यावर पिढ्यान्‌पिढ्या वाद झाले. ३२५ साली निकिया इथल्या धर्मपरिषदेत तो खरा देव आहे असं ठरलं, आणि ४५१ साली खाल्सेदोन इथल्या परिषदेने सांगितलं की तो पूर्ण देव आहे आणि पूर्ण माणूसही आहे. यातलं एकही अर्धं नाही. दोन्ही गावं आजच्या तुर्कस्तानात आहेत.

आपल्याला वाटेल, हा शास्त्रीपंडितांचा वाद, आपल्याला काय त्याचं? पण घरातल्या भाषेत विचार करून बघा. ज्या बाईचं मूल गेलंय तिला कोण समजावू शकतं? जिचं गेलंय तीच. तान्ह्याला ताप असताना रात्र कशी जाते, हे जागलेल्या बाईला विचारावं. ख्रिस्ती माणूस जेव्हा म्हणतो की देवाला माझं दुःख कळतं, तेव्हा तो वरून बघून कळण्याबद्दल बोलत नसतो. भूक, थकवा, मित्राचा दगा, आईपासून ताटातूट, मरणाची भीती, हे त्या देवाने स्वतःच्या अंगावर काढलंय, असं त्याचं म्हणणं असतं. येशूचं माणूसपण हे सोंग असेल, तर हा सगळा धीर खोटा ठरतो. आणि तो नुसताच माणूस असेल, तर एक संत सोसून गेला एवढंच उरतं. म्हणून ख्रिस्ती लोक दोन्ही टोकं हातातून सुटू देत नाहीत.

याचा दुसरा अर्थ आणखी अवघड आहे. देव माणसाच्या देहात आला असेल, तर कुठलाच माणूस विटाळाचा राहत नाही. शुभवर्तमानात बारा वर्षं रक्तस्राव होणारी एक बाई आहे. वैद्यांवर होता नव्हता तो पैसा संपलेला, आणि त्यांच्या शास्त्राप्रमाणे ती अशुद्ध. ती गर्दीतून मागून येऊन येशूच्या वस्त्राला हळूच हात लावते. तो थांबतो. ती थरथरत पुढे येते. तो तिला ओरडत नाही, आंघोळीला पळत नाही, तिला मुलगी म्हणून हाक मारतो. ज्या घरांतून आजही चार दिवस बाजूला बसायला लागतं, त्या घरांतल्या मुलींना ही गोष्ट कुणीतरी सांगायला हवी असं मला वाटतं. ती ऐकायला धर्म बदलावा लागत नाही.

टिळकांकडे परत येऊ. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. आणि माणसातल्या देवाचा शोध घेणाऱ्या या माणसाने आपल्या घरातल्या माणसाचं काय केलं? लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळलं. आधीची मुलं लहानपणीच गेलेली, दत्तू तीन-चार वर्षांचा. नवरा जिवंत, कुंकू कपाळावर, पण समाजाच्या लेखी तो मेलेला. नाशिक, पंढरपूर, नातेवाइकांच्या घरी तिची चार-पाच वर्षं गेली. मनावर परिणाम होईल की काय अशी वेळ आली. टिळकांची पत्रांमागून पत्रं येत. त्यांनी दुसरा संसार मांडला नाही, वाट पाहिली. पण सोसलं ते तिनेच. टिळकांचं मोठेपण सांगताना ही पाच वर्षं झाकून ठेवू नयेत असं मला वाटतं. स्वतः लक्ष्मीबाईंनीही ती झाकलेली नाहीत.

शेवटी ती दत्तूला घेऊन अहमदनगरला आली. टिळकांनी तिचं सोवळं जबरदस्तीने मोडलं नाही. तिचा स्वयंपाक वेगळा, तिचं पाणी वेगळं. आणि मग त्या बाईने स्वतःच्याच डोक्याने विचार केला. देवाने जाती केल्या असत्या, तर माणसांवर तशी काही खूण ठेवली असती. पुरुष आणि बाई एवढं सोडलं तर तशी खूण कुठे दिसत नाही. म्हणजे हे माणसांचंच काम! आणि ज्या बाईच्या माहेरी पाण्याचा हंडा देवापेक्षा जपला जायचा, तिने ठरवलं की आता कुणाच्याही हातचं खायचं, कुणाच्याही हातचं पाणी प्यायचं. लक्षात घ्या, हे तिने बाप्तिस्म्याच्या आधी ठरवलं. बाप्तिस्मा १९०० साली घेतला. धर्मशास्त्राचं एक पानही न वाचलेली, जेमतेम अक्षरओळख असलेली ही बाई विहिरीवरच्या त्या गोष्टीच्या गाभ्यापर्यंत टिळकांच्याही आधी पोचली, असं मला राहून राहून वाटतं. टिळकांना येशूचं माणूसपण पुस्तकात सापडलं, तिला ते पाण्याच्या भांड्यात सापडलं.

पुढचा संसार दोघांनी मिळून उघड्या दाराने केला. राहुरीला दुष्काळात अनाथ मुलं घरात आणली, नगरच्या घरात विद्यार्थी वाढवले. बालकवी ठोमरे त्यांच्याकडे मुलासारखे राहिले आणि त्यांना कुणी धर्म बदलायला लावला नाही. टिळकांचा स्वभाव मात्र तोच. राग नाकावर, पैसा हातात ठरेना. वाणसामानाला गेलेला माणूस भलतीच वस्तू घेऊन घरी यायचा. देणं कुणाचं, घेणं कुणाचं, पत्ता नाही. लक्ष्मीबाई हे हसत हसत सांगतात, पण त्या हसण्यामागे रिकामे डबे असतात, हे आपल्याला कळतं. येशूच्या मागे गेल्याने टिळक एका रात्रीत संत झाले नाहीत. आयुष्यभर स्वतःशी झगडत राहिले.

१९०४ मध्ये ते पाळक झाले, १९१२ पासून ‘ज्ञानोदय’चा मराठी भाग सांभाळू लागले. मराठी चर्चमध्ये तोवर परक्या चालींवरची भाषांतरित गाणी चालत. टिळकांनी अभंग आणले, भजन आणलं, टाळ-मृदंगासह कीर्तन आणलं. ख्रिस्ताला ते गुरू म्हणत, माउली म्हणत. त्यांचं म्हणणं सरळ होतं: जो खरा माणूस झाला, तो कुठल्या तरी गावचा, कुठल्या तरी भाषेचा झाला; मग आमच्या गावी आला तर तो मराठीच बोलेल. याच ओढीतून त्यांनी येशूचं चरित्र काव्यात लिहायला घेतलं, ‘ख्रिस्तायन’. तीनशे वर्षांपूर्वी, १६१६ मध्ये, गोव्यात फादर स्टीफन्स या परदेशी माणसाने ‘क्रिस्तपुराण’ लिहून मराठीत हा पाया घातला होताच.

१९१७ मध्ये टिळकांनी मिशनचा पगार सोडला, संन्यासी झाले आणि ‘देवाचा दरबार’ सुरू केला. या दरबारात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही जागा होती. येशूला गुरू मानणारा माणूस आपल्या धर्मात, आपल्या घरी राहिला तरी चालेल, ही कल्पना त्या काळात दोन्ही बाजूंना पचण्यासारखी नव्हती. मला वाटतं, आपल्या चुलीपासून तुटलेल्या लक्ष्मीची ती पाच वर्षं त्यांच्या मनात कुठेतरी असणार. कुणा दुसरीवर ती वेळ येऊ नये, असं त्यांना वाटलं असेल का? मी आपली अटकळ करते.

९ मे १९१९ रोजी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात टिळक गेले. ‘ख्रिस्तायन’चे दहा-अकरा अध्यायच झाले होते. उरलेले साठाहून जास्त अध्याय कुणी लिहिले असतील? लक्ष्मीबाईंनी! नवऱ्याने अर्धवट टाकलेली कामं पुरी करायची बायकांना सवयच असते म्हणा. पण हे काम वेगळं होतं. ज्या येशूने तिचा संसार एकदा मोडला, त्याचं चरित्र तिने आपल्या हाताने पुरं केलं. २४ फेब्रुवारी १९३६ ला त्या गेल्या.

देव माणूस झाला यावर विश्वास ठेवायचा की नाही, हा ज्याचा त्याचा प्रश्न. पण ज्यांचा विश्वास आहे, त्यांना मग माणसाला वगळून देवापर्यंत जाण्याची वाट उरत नाही. उपाशी माणसाला दिलं ते मला दिलं, तहानलेल्याला पाजलं ते मला पाजलं, असं त्या येशूने शिष्यांना सांगून ठेवलं आहे. आणि ज्यांचा विश्वास नाही, त्या आपल्यासारख्यांनाही यातून घेण्यासारखं आहेच. आपल्या बचत गटाच्या बैठकीत चहा कुणाच्या घरचा घ्यायचा आणि कुणाच्या घरचा टाळायचा, यावर कधी उघड बोलणं होत नाही. पण कप कुठे तसाच भरलेला राहतो ते सगळ्यांना दिसतं. तो कप ज्या घरात तसाच राहतो, त्या घरी पुढच्या बैठकीला जाऊन आपणच चहा मागून घ्यायला काय हरकत आहे?